पाय टेकले पायजेत

भूगावातल्या त्या मोठ्या सायकलच्या दुकानात तीन-चार मिस्त्री होते, पण सीट लावून घ्यायची म्हटलं की गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "जयवंतदादा आहेत का?" दादा जेवायला गेलेले असले तर माणूस समोर चहा पीत बसायचा, पण दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. आता सीट लावण्यात एवढं काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. ढिली करायची, वरखाली सरकवायची, आवळून टाकायची. अहो, तेवढंच असतं तर हौसेनं सायकल घेतलेली निम्मी माणसं महिन्याभरात गुडघे चोळत का बसली असती?

जयवंत गिऱ्हाइकाला सायकलवर बसवायचा, स्वतः हँडल धरून पुढं उभा राहायचा आणि म्हणायचा, "पायडल पार खाली न्या. आता टाच ठेवा त्याच्यावर. चवडा न्हाई ओ साहेब, टाच. झाला पाय सरळ? मग बरोबर हाय." गुडघा वाकलेला राहिला तर सीट खाली आहे, कंबर एका अंगाला कलली तर सीट वर आहे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा हवा तेवढाच वाकतो आणि माणूस दिवसभर चालवू शकतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पंक्चर काढता काढता, लोकांचे पाय बघता बघता ते त्याच्या हातात बसलं होतं.

डोंगरात चालवायच्या सायकलींना अलीकडं खटक्यावर वरखाली होणारी सीट यायला लागली. गिऱ्हाइकं तिला ड्रॉपर म्हणायची, जयवंत उठबशी म्हणायचा. चढाला खटका दाबून ती उठवायची, म्हणजे पायाला जोर मिळतो. उताराला तिच्यावर बसून खटका दाबायचा, की ती खाली जाते आणि सायकल अंगाखाली मोकळी खेळते. "शाळेत मास्तरनी आपल्याकडनं काढून घेतल्या, आता आपण सीटकडनं काढून घ्यायच्या," असं तो म्हणायचा आणि आयटीतली पोरं खो-खो हसायची.

अशा या जयवंत मिस्त्रीच्या पोटच्या पोरीची सीट मात्र खाली होती. चांगली तीन बोटं खाली, आणि ती चुकून राहिलेली नव्हती. बापानं जाणूनबुजून तशी ठेवली होती आणि पोरीला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती चढाला मागं पडायची, रात्री गुडघ्याला तेल लावायची आणि समजायची, आपल्याच पायात दम नाही. हे एवढं एक दुखणं जयवंतच्या छातीवर बसून होतं, आणि ते त्यानंच आणून बसवलेलं होतं.

का केलं असं? बाप होता म्हणून केलं, दुसरं काय.

गौतमी पाचवीत असताना त्यानं तिला पहिली सायकल घेतली. आपल्याकडं गणवेश घेताना, चपला घेताना जे करतात तेच त्यानं केलं. वाढत्या अंगाची घेतली. "दोन वर्सांत बरोबर बसंल," म्हणाला. तिची आई दीपमाला म्हणाली सुद्धा, "अवो, तिचे पाय लोंबतायत." पण मिस्त्रीपुढं बायकोचं कोण ऐकतंय! पिरंगुटच्या चौकात सिग्नलला पोरगी थांबायला गेली आणि पाय खाली पोचलाच नाही. सायकलीसकट उजव्या अंगाला आडवी झाली. मागून खडीचा डंपर येत होता. डंपरवाल्यानं ब्रेक मारला, पण पुढचं चाक तिच्या वेणीला चिकटून थांबलं. हात मोडला, बाकी काही झालं नाही. जयवंत फुटपाथवरून पळत गेला तेव्हा ती रडत नव्हती, नुसती म्हणत होती, "पप्पा, माझा पाय टेकला न्हाई. पाय टेकलाच न्हाई."

ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्या दिवसापासून जयवंतनं मनाशी एक कायदा केला. गौतमीनं सीटवर बसलं की दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, आणि नुसते चवडे नाही तर अख्खे तळवे. दुकानात गिऱ्हाइकांच्या टाचा पायडलवर ठेवायचा आणि घरी येऊन पोरीचे तळवे जमिनीवर बघायचा. पोरगी जवळ नसली की दीपमाला चिडवायची, "एका मिस्त्रीची दोन मापं कशी ओ?" तो म्हणायचा, "लोकांची पोरं लोक बघतील."

गौतमी बारावीला गेली आणि तिला डोंगराचा नाद लागला. लवळ्याच्या टेकडीवर रविवारी पोरं सायकली घेऊन चढायची, त्यांच्यात ही पण जायला लागली, शेजाऱ्याची साधी सायकल घेऊन, तिची पण सीट बापानं खालीच करून दिलेली. परत येताना अंगभर खरचटलेलं आणि तोंडावर हसू. एक गिऱ्हाईक परदेशी गेलं, त्याची जुनी डोंगरातली सायकल दुकानात पडून होती. मालक म्हणाला, घेऊन जा. जयवंतनं ती पार सुटी करून धुतली, बेअरिंग बदलली, तारा नव्या घातल्या आणि तिला उठबशी सीट बसवली. पोरीला कळू न देता महिनाभर दुकानातच संध्याकाळी थांबून केलं. त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

पण सीट पूर्ण उठवून त्यानं मनातल्या मनात पोरीला तिच्यावर बसवलं. तिचे पाय अधांतरी लोंबणार होते. आता अशा सीटबरोबर कंपनीच प्लास्टिकचे बारके तुकडे देते, बुटक्या माणसांसाठी. ते आत पाइपमध्ये घातले की सीट तेवढी कमी उठते. जयवंतनं ते घातले. सगळे घातले. वरची कडी फिरवून घट्ट केली, वरून पुसली, आणि सायकल घरी नेली.

गौतमी अशी नाचली की घरासमोरच्या बुद्धविहारापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बघायला आल्या. खटका दाबून तिनं सीट दहादा वर केली, दहादा खाली केली. मग बसली. पूर्ण उठलेल्या सीटवर सुद्धा तिचे पाय टेकले होते.

"पप्पा, अजून थोडी वर येती का?"

"न्हाई. पाइप तेवढीच हाय."

"आणि ही खालची कडी ढिली करून पाइपच वर घेतली तर?"

"त्याला हात लावायचा न्हाई. आतली वायर तुटंल. मग समदं कामातनं जाईल."

ती मिस्त्रीची पोर होती. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं खोलून बघितलं असतं. पप्पांनी सांगितलं म्हणून नाही बघितलं.

उताराला गौतमीचा हात कुणाला धरता यायचा नाही. दगड असो, चर असो, सीट खाली बसवून ती अशी उतरायची की खाली उभी असलेली पोरं बाजूला व्हायची. चढाला मात्र सगळे पुढं जायचे. खालच्या सीटवर बसून चढ मारायचा म्हणजे उकिडवं बसून जिना चढण्यासारखं. पायाला जोर लागत नाही, सगळा भार गुडघ्यावर येतो. तिला ते कसं कळावं? पाचवीतल्या त्या पहिल्या सायकलीनंतर ती उंच सीटवर कधी बसलीच नव्हती. टोळीतली पोरं तिला "उताराची राणी" म्हणायची. ती हसून घ्यायची आणि घरी येऊन दारातल्या पायरीवर उठाबशा काढायची, पायात जोर यावा म्हणून. जयवंत आतून ते बघायचा.

मग सांगून का टाकलं नाही? पहिल्या वर्षी भीतीनं नाही सांगितलं. दुसऱ्या वर्षी भीती कमी झाली होती, पण मग लाज आली. एवढे दिवस खोटं बोललो हे कसं सांगायचं? गुपचूप तुकडे काढावेत तर तिला लगेच कळणार, सीट वाढली कशी म्हणून. आज बघू, उद्या बघू, असं करत खोटं जुनं होत गेलं, आणि जुनं झालं की ते मोडवत नाही.

एकदा तो अगदी कडेला आला होता. मुळशीच्या रानात जिल्ह्याच्या निवडीची शर्यत होती. तिथून पुढं राज्याला जाता येणार होतं, आणि गौतमीच्या वयोगटाचं ते शेवटचं वर्ष होतं. आदल्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा त्यानं दारात बसून कडी उघडली आणि तुकडे काढले. ठरवलं, सांगायचं की कंपनीकडून नवा भाग मागवला होता, तो आलाय. एवढं खोटं चाललं असतं. तेवढ्यात पौड रस्त्यावरून डंपरच्या ब्रेकचा करकर आवाज आला. कुठं काही झालं नव्हतं, एक कुत्रं आडवं गेलं होतं. पण जयवंतला चाकाला चिकटलेली ती वेणी दिसली. हात आपोआप चालले. तुकडे परत आत गेले.

गौतमी त्या शर्यतीत उताराला सगळ्यांच्या पुढं होती. शेवटच्या चढाला तीन पोरी तिला मागं टाकून गेल्या. एकजण तर गाणं गुणगुणत गेली म्हणे. गौतमी चढाच्या मधेच उतरली आणि सायकल ढकलत वर आली. जयवंत शर्यत संपायच्या दोरीपाशी उभा होता. त्याला वाटलं, आता ही रडेल, भांडेल, सायकल टाकून देईल. ती त्यालाच म्हणाली, "पप्पा, तुमी एवढी भारी सायकल बनवून दिली आणि मी ही अशी. माझ्यातच न्हाई ओ."

त्याच वेळी बोलायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "चल, पाणी पी."

त्यानंतर गुडघे दिवसरात्र दुखायला लागले. जिना उतरताना ती कठडा धरायची. भूगावात डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं वाटी दाबून बघितली, फोटो काढायला लावला आणि म्हणाले, वाटीमागची गादी झिजलीय. मग सहज विचारावं तसं विचारलं, "सायकलची सीट खाली ठेवता का? बऱ्याच मुलांचं तेच असतं."

गौतमी खळखळून हसली. "डॉक्टर, माझे पप्पा सायकलचे मिस्त्री हायेत. चांदणी चौकाच्या पलीकडनं लोक येतात त्यांच्याकडं सीट लावून घ्यायला. माझ्या सीटचं काय घेऊन बसलात!"

डॉक्टर जयवंतकडं बघून हसले. "अच्छा, मग सीट बरोबरच असणार."

जयवंतनं मान डोलवली. त्याला वाटलं, ही खुर्ची फाटावी आणि आपण आत जावं. पण त्यानं मान डोलवली हे खरं. डॉक्टरनं मग दुसरी कारणं शोधली. ठेवणच तशी असेल, हाडाचा कोन असेल. व्यायाम लिहून दिले आणि चढाची सायकल बंद करायला सांगितली.

ती बंद झाली. गौतमी पिरंगुटच्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला लागली, बसून करायचं काम. सकाळी कंपनीची बस चौकात यायची. सायकल भिंतीला टेकवून वर जुनं फ्लेक्स टाकून ठेवली होती. जयवंत घरात येता-जाता तिच्याकडं पाठ करून चालायचा. दीपमाला लवळ्याच्या हॉस्टेलच्या कँटीनमधून संध्याकाळी दमून यायची आणि म्हणायची, "बरं झालं बंद झालं. जीव टांगणीला असायचा." त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याचाही जीव टांगणीला असायचा ना? आता पोरगी बसनं जात होती, बसनं येत होती, तिच्या अंगाला ओरखडा नव्हता. आणि हा दुकानात दुसऱ्यांच्या टाचा पायडलवर ठेवताना मधेच हात काढून घ्यायचा.

विहाराच्या पलीकडच्या गल्लीत किमया राहायची. आठवीतली पोर, बारीक, चटपटीत. गौतमी डोंगरातून यायची तेव्हापासून ही तिच्या मागं मागं. एका रविवारी गौतमीनं स्वतःच ते फ्लेक्स ओढून काढलं, सायकल पुसली, चाकात हवा भरली आणि किमयाला हाक मारली. मग बापाला म्हणाली, "पप्पा, ही हिला देऊन टाकू. नुसती पडून गंजायला लागलीय. हिच्या मापाला लावून द्या की."

विहारापुढच्या मोकळ्या जागेत सायकल काढली. गौतमीनं मागून धरली, जयवंत पुढं हँडल धरून उभा राहिला. किमया वर चढली, खटका दाबला, सीट उठली. जयवंतच्या मनात तेव्हा काही नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला जरा हलकंच वाटत होतं, की ही सायकल घरातून जातेय. आणि हातांना जी सवय होती ते हातांनी केलं. त्यानं वाकून किमयाची टाच पायडलवर ठेवली.

"पायडल खाली ने. टाच ठेव. झाला पाय सरळ? झाला बघ. एकदम बरोबर! काय बी करायला नको."

"टाच कशाला ओ काका?" किमयानं विचारलं.

"टाच ठेवल्यावर पाय सरळ झाला पायजे. तसा झाला म्हंजे सीट बरोबर. न्हाई झाला तर सीट खाली हाय. मग चढाला जोर लागत न्हाई आणि गुडघा..."

तो थांबला. पण तोंडातून गेलं ते गेलं.

किमया सीटवर बसूनही गौतमीच्या खांद्याला लागत होती. गौतमी तिच्या सरळ झालेल्या पायाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "किमया, उतर जरा."

"गौतमी, कशाला उगं," जयवंत म्हणाला.

"धरा पप्पा. हँडल धरा."

ती बसली. पायडल पार खाली नेलं. टाच ठेवली. गुडघा वाकलेलाच होता, चांगला वर आलेला. तिनं दुसरी टाच ठेवून बघितली, तेच.

"पाइप तेवढीच हाय ना, पप्पा?"

"न्हाई," तो म्हणाला. "आत तुकडे हायेत. मी घातलेत."

"कधी?"

"पैल्यापास्नं."

"काढा."

त्यानं दारातून पाना आणला. कडी फिरवली, तुकडे काढले. त्याच्या तळहातावर ते मावले, वर जागा उरली. गौतमीनं ते बघितले, हातात घेतले नाहीत. खटका दाबला. सीट उठली, आणि उठतच गेली. ती बसली, टाच ठेवली. पाय सरळ झाला. तिनं काही न बोलता विहाराला एक फेरी मारली. तिकडची बाजू थोडी चढाची आहे. जयवंतनं बघितलं, तिची पाठ हलत नव्हती, नुसते पाय फिरत होते, आणि चढ कधी संपला ते कळलं सुद्धा नाही. त्यानं आयुष्यात एवढी बरोबर बसलेली सीट पाहिली नव्हती. दुसरी फेरी तिनं निम्मीच मारली. गुडघा धरून उतरली आणि सायकल हातात धरून परत आली.

"पोरी, तो डंपर..." जयवंत म्हणाला. "तू म्हणाली व्हतीस ना, पाय टेकला न्हाई म्हणून. माझ्या डोक्यातनं जाईना गं ते. मी भ्यालो व्हतो."

"मला डंपर आठवत बी न्हाई, पप्पा." तिचा आवाज चढला नव्हता, तेच त्याला सोसवेना. "भ्याला व्हता तर सांगायचं. मी सीट खाली ठेवून चालवली असती, तुमच्यासाठी. पण मला वाटत राहिलं ना, मीच कमी पडते. त्या दारात उठाबशा काढायचे मी. तुमी बघत व्हता."

गौतमी रडत नव्हती. किमया एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती आणि सायकल मिळणार की नाही या काळजीत होती. ते गौतमीच्याच ध्यानात आलं. तिनं सायकल बापापुढं उभी केली.

"परत घाला ते तुकडे."

"गौतमी..."

"तिला लागतील. ती लहान हाय."

जयवंत खाली बसला. तेच तुकडे, तीच पाइप, तीच कडी. डोळ्यांत पाणी आल्यामुळं त्याला आटे नीट दिसेनात, दोनदा कडी चुकीची बसली. पण शेवटी त्यानं ती घट्ट केली, खटका दाबून सीट वरखाली करून बघितली आणि फडक्यानं पुसली. किमया चढली. गौतमीनं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला थोडं पुढं ढकललं आणि तिच्याबरोबर चार पावलं चालली.

"किमया, ऐक. तू आता वाढशील. टाच ठेवल्यावर गुडघा वाकायला लागला की सीट वर घ्यायची."

"मग काकांकडं यायचं का?"

जयवंतनं मान वर केली.

"माझ्याकडं ये," गौतमी म्हणाली. "यांच्याकडं नको."